हद्दीचे खुंट

पाचव्यांदा! कालिनाने टेप लावला, तर चारही खुंट पुन्हा तीन मीटर बाहेर.

महायुद्धात, बेचाळीस साली गोळ्या घालून इथे पुरलेल्या ज्यूंच्या खड्ड्याची ही हद्द. हाडं उकरणं त्यांच्या धर्मात बसत नाही, म्हणून तिने न खणता, जमिनीखालचं दाखवणाऱ्या यंत्राने ही हद्द शोधली होती. आज दुपारी सरकारी मोजणी. माप नकाशाशी जुळलं नाही, तर संरक्षणाचा कागद मिळणार नव्हता. शेत पुढेही नांगरलं जाणार होतं.

"बोगुमिलकाका, लाज नाही वाटत खुंट हलवायला?"

"हलवायचे तर मी आत हलवीन ना, बाई!" शेतकरी करवादला. "माझाच गहू गिळतोय तुमचा खड्डा!"

त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणून तर ती आणखीच चिडली. शिवाय काल जिथे खुंट होते, तिथे साधं भोकसुद्धा नव्हतं.

दातओठ खात तिने चारही उपटले आणि मापाने परत ठोकले. तिची तान्ही लेक इगा रस्त्याकडेच्या बर्चच्या झाडाखाली बाबागाडीत झोपली होती.

"बाई," बोगुमिल हलक्या आवाजात म्हणाला, "पोरीला हद्दीबाहेर ठेवलं होतंत ना?"

"मग काय आत ठेवीन?" ती वैतागून वळली.

बाबागाडी बर्चखालीच होती. रस्त्याकडचे दोन खुंट गाडीच्या पलीकडे उभे होते.