चिंचेने घासलेली भिंत

मंगळावरच्या ऋजुता आणि तिच्या नवऱ्याच्या घरात एक भिंत तांब्याची होती. माणसांनी सोडलेला कर्बवायू ती शोषून घेई आणि तिच्यावर हिरवा थर चढे. भिंत दोघांपुरतीच होती, म्हणून सासूबाई यमुनाबाईंना पुढच्या यानाने पृथ्वीवर परतावं लागणार होतं.

ऋजुता कामावरून आली तेव्हा भिंत लखलखत होती.

"आई, काय केलंत हे?"

"गावाकडची चिंच लावून घासली. तांबं इतकं हिरवं होऊ देतात का बाई कोणी?"

आंबटाने थर फसफसून गेला होता आणि त्यात बांधलेला वायू खोलीत कोंडला होता. ऋजुताने खोली बंद केली. तिघं शेजाऱ्यांकडे राहिली.

आठवड्याने दार उघडलं, तर भिंतीवर गर्द निळे स्फटिक! ऋजुताने भिंगातून पाहिलं. कूळ हिरव्याचंच, तांब्याच्या कार्बोनेटचं. पण हे खनिज दुर्मीळ, दाट वायूतच जमणारं आणि तेवढ्याच तांब्यात जास्त वायू धरणारं.

"आई, आता ही भिंत जवळजवळ पावणेतीन माणसांना पुरेल."

"मग झालं की! मी कुठे अख्खी उरलेय?"

ऋजुता हसली आणि तिने यानातली त्यांची जागा रद्द केली.