हात न लावलेली सकाळ

आई टेबलाशी हाताची घडी घालून बसली होती. भिंगरी तिच्यासमोरून पुन्हा एकदा गेली. हातात एक मोजा, तोंडात ब्रश. दात घासून झालेत की व्हायचेत, हे तिचं तिलाही ठाऊक नसावं.

"भिं..." आईच्या तोंडून निघालंच.

"अंहं," बाबा म्हणाले. "ठरलंय ना? हाकसुद्धा मारायची नाही."

ठरवलं होतं डॉक्टरीणबाईंनी. नऊ वर्षांच्या भिंगरीला एडीएचडी आहे, म्हणजे तिचं लक्ष एका जागी टिकत नाही, एवढं कळून चुकलं होतं. त्यापायी तिचं रोजचं किती अडतं, ते आईबापांना विचारून ठरायचं होतं आणि त्यावरूनच शाळेत तिच्या मदतीला वेगळ्या बाई मिळणार की नाही, हेही. काल आईने धडाधड उत्तरं दिली. सकाळी स्वतःचं आवरते? नेहमी. दप्तर भरते? नेहमी. वेळेवर निघते? नेहमी, एकदाही बस चुकलेली नाही. यात खोटं काही नव्हतं. आई छापखान्यात मुद्रितं तपासते. चूक वाचकाच्या नजरेस पडायच्या आत काढून टाकायची, हेच तिचं काम. घरीही ती तेच करत होती.

"आणि तेव्हा तुम्ही काय करत असता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आई जे सांगत सुटली, ते संपता संपेना.

"मग ही उत्तरं तुमची झाली, तिची नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी नुसत्या बसा. मग परत विचारते."

नुसतं बसा! सांगायला काय जातंय. आईने टेबल पुसलं, पुसलेलंच पुन्हा पुसलं. शेवटी बाबांनी फडकं काढून घेतलं.

भिंगरी दुसरा मोजा शोधायला आत गेली. खणात तिला बॅटरी सापडली. बॅटरी चालते की नाही हे पलंगाखालीच बघायला हवं, कारण दिवसा अंधार तेवढा तिथेच असतो. थोड्या वेळाने पलंगाखालून आनंदाची आरोळी ऐकू आली. न्हाणीघरातला नळ वाहत असल्याचाही आवाज येत होता.

"नळ तेवढा बंद करू?" बाबांनी हळूच विचारलं. नळाबद्दल डॉक्टरीणबाई काहीच बोलल्या नव्हत्या.

"करा बाई, करा."

खाली बसचा हॉर्न वाजला. आई अर्धी उठली. बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. हॉर्न पुन्हा वाजला. मग बस निघून गेल्याचं ऐकू आलं.

आईला रडू फुटलं. पोटच्या पोरीला वाऱ्यावर सोडल्यासारखं वाटलं तिला. आणि त्याहून मोठी भीती वाटली ती ही, की उद्या आपण जवळ नसलो तर पोर अशीच पलंगाखाली राहून जाईल.

"डॉक्टरीणबाईंना फोन करा," ती डोळे पुसत म्हणाली.

"काय सांगू?"

"सांगा, माझं चुकलं. एकटीला नाही जमत तिला. मदत लागेल."

तेवढ्यात भिंगरी बाहेर आली. एकाच पायात मोजा, केसांना कोळिष्टक. तिने घड्याळाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"बस गेली?"

"गेली."

"आई, आज तू मला हाका मारायला विसरलीस."

आईने मान डोलावली.

भिंगरी जवळ आली. फ्रॉकच्या टोकाने तिने आईचे गाल पुसले.

"रडू नकोस गं," ती समजुतीने म्हणाली. "माझंपण असंच होतं. आपण काय मुद्दाम करतो?"