मागच्या चाकाचं तेल

“खोल तो बोल्ट,” मनोहरराव म्हणाले. “आत्ताच्या आत्ता, यांच्यासमोर खोल. अन् तू खोटा निघाला तं सांजच्याले आपली पेटी उचलायची. माह्या भिंतीजवळ दिसला नाही पाहिजे.”

नत्थू मिस्त्री पाना हातात घेऊन गाडीमागे उकिडवा बसला होता. धरमपेठेत मनोहररावांच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकून त्याचं दुकान होतं. दुकान कसलं, वर चार टिनं, खाली एक पेटी आणि हवेचा पंप. सोळा वर्षं त्याचं घर या दुकानावर चाललं होतं. दुसरीकडे कुठे जागा नव्हती, हे त्याला माहीत होतं आणि मनोहररावांनाही.

झालं एवढंच होतं. मनोहररावांना मोटार घ्यायची होती, म्हणून मोटरसायकल विकायला काढली होती. कळमेश्वरचे संत्र्याचे व्यापारी रुपराव ती बघायला आले होते. गाडी जर्मन, शाफ्टची. तिला साखळी नसते. इंजिनाचा जोर एका लोखंडी दांड्यातून मागच्या चाकाकडे जातो आणि तिथल्या बंद डब्यात दातेरी चाकं तेलात फिरतात. रुपरावांनी नत्थूला सहज विचारलं, “मागचं तेल कधी बदललं गा?” नत्थूच्या तोंडून निघून गेलं, “कार्तिकात.” आणि त्याने जीभ चावली.

आता हे मनोहरराव कोण, तर वकील. वकिली चालत नव्हती, तोंड तेवढं चालायचं. मँगनीजच्या खाणीतला एक गोरा इंजिनिअर मायदेशी जाताना त्यांना ही गाडी विकून गेला, त्याला बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत या गृहस्थांनी गाडीची सेवा केली ती फडक्याने. टाकी पुसायची, तिच्यात तोंड बघायचं, मागे बायकोला, शामलाबाईंना, बसवायचं आणि अंबाझरीला चक्कर मारून यायची. नऊ वर्षांपूर्वी नत्थूने याच अंगणात सांगितलं होतं, “साहेब, ते तेल दरसाल बदला लागते. सुकलं तं चालत्या गाडीत मागचं चाक जाम होईन.” तेव्हा शामलाबाई चहा घेऊन आल्या होत्या. पाहुण्यांपुढे मनोहरराव पोट धरून हसले होते. बैलबंडीचं वंगण समजलास का रे, हा जर्मन माल आहे, म्हणाले होते. पुढे प्रत्येक लग्नाच्या पंगतीत हा किस्सा लोकांनी ऐकला. माणूस मूर्ख असला तर एक वेळ चालतं, याला मूर्खपणाची मिजास होती.

“बारा वर्षांत थेंब नाही टाकला मी,” ते आता रुपरावांना सांगत होते. “अन् हा म्हणते कार्तिकात बदललं. कार्तिकात मी रामटेकच्या जत्रेत होतो. गाडी इथं घरी. भुतानं बदललं काय?”

ओसरीवर शामलाबाई हरभऱ्याचे घाटे सोलत बसल्या होत्या. नत्थूने एकदा तिकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

त्याने आधी चाकाच्या डब्याचा वरचा बोल्ट धरला.

“तेल खालून पडते ना रे? मंग वरचा काहून खोलून राहिला?”

“वरचा जाम निघाला तं नवं तेल कुठून भरू, साहेब? म्हणून पहिले वरचा.”

“पाहा, आता हा आपल्याले शिकवून राहिला,” मनोहरराव रुपरावांकडे बघून हसले. रुपराव हसले नाहीत. ते बोल्ट बघत होते. बोल्ट एका हलक्या हिसक्याने सुटला. नत्थूने तो खाली ठेवला, डब्याखाली घमेलं सरकवलं आणि खालचा बोल्ट काढला. त्याखालचा तांब्याचा वायसर, तेल गळू न देणारी चकती, अजून नव्यासारखा लाल होता.

तेल घमेल्यात उतरलं. जाड, पिवळंधमक, मधासारखं. त्यात काळं काही नव्हतं, लोखंडाचा कीस नव्हता.

मनोहररावांनी मांडीवर थाप मारली. “पाहा गा रुपराव. बारा वर्षांचं तेल आहे हे. जसंच्या तसं. याले म्हणतात जर्मन माल. अन् हा चोट्टा म्हणते मी बदललं. दुसऱ्याच्या मालावर आपलं नाव लावते.” मग ते नत्थूकडे वळले. “ऐकलं ना? सांजच्याले पेटी उचल.”

नत्थूला सांगता आलं असतं. पण पाने पुसून तो एकेक पेटीत ठेवू लागला. त्याने शब्द दिला होता.

शामलाबाई सूप बाजूला ठेवून उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या. रॉकेलच्या पिंपामागून एक डबा काढून त्या अंगणात आल्या आणि नत्थूपुढे तो ठेवला. नव्वद नंबरचं गिअर ऑइल. डबा अर्ध्याच्या वर रिकामा झालेला होता.

“नत्थूभाऊ, पेटी राहू द्या. तेल भरा.”

“हे कुठून आलं?” मनोहररावांनी विचारलं.

“मीच आणवते. तुम्ही दरसाल रामटेकले गेले का भाऊ बदलून देतात. कोणाले सांगू नका म्हणून मीच त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं.”

“तुले काय करायचं होतं गाडीच्या तेलाशी?”

शामलाबाईंनी पदराला हात पुसले.

“पुढं तुम्ही बसता,” त्या म्हणाल्या. “मागच्या चाकावर मी बसते.”