देवधरकाकांची पहिली निवड

"त्या लीगमध्ये माणूस नाहीसा झाला तरी पत्ता लागायचा नाही हं," असं लीग चालवणाऱ्या नचिकेतने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ईशाने ते हसण्यावारी नेलं. संगणकावरच्या त्या अमेरिकन फुटबॉल लीगमध्ये खेळणारा प्रत्येकजण एका संघाचा मालक; तो गैरहजर असला, की 'सावली' नावाचा प्रोग्राम त्याच्याच आवाजात, पण काटेकोर हिशोबाने संघ चालवायचा.

बाळाला कडेवर घेऊन ईशा नव्या खेळाडूंच्या निवडीच्या पहिल्या फेरीत कोण कुणाला घेणार, याचे अंदाज बांधायची. परक्या गावात लीगमधली मंडळी हीच काय ती तिची बोलती माणसं. दूर डेटन शहरात एकटे राहणारे देवधरकाका मात्र दरवर्षी तिचा अंदाज हाणून पाडायचे. "ज्याला कुत्रं विचारत नाही, त्याला मी घेणार! बस बोंबलत, पोरी."

आज काकांनी सगळ्यांत तगडा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा म्होरक्या, उचलला. ईशाचे सगळे अंदाज पहिल्यांदाच बरोबर आले.

"हरलो बुवा, पोरी!" काकांचा आवाज हसला.

काका कधीच असे हिशोबाने निवडत नसत; ही त्यांची सावली तर नव्हे? तिने काकांच्या घरी फोन लावला. तो नुसताच वाजत राहिला. मग तिने लीगच्या फलकावर लिहिलं, "हे वाचणारं कुणी खरंच माणूस असेल आणि डेटनच्या आसपास राहत असेल, तर कृपा करून देवधरकाकांचं दार वाजवून या."