आतली शिवण

हे आंघोळीला गेले तशी मी दार लावून यांची फिरायला जायची पँट मांडीवर ओढली. अलीकडे यांना आंघोळीला फार वेळ लागायचा. माझ्या पथ्यावरच पडायचं. डॉक्टरांनी हात टेकले, तरी हे व्यायाम करून चालायला निघायचे. शरीर झिजत होतं. पँट सैल झालेली कळली तर अंथरूणच धरतील, म्हणून मी चोरून टाके घालून ती आवळायची. शिंप्याची बायको असून मला सुई धड धरता येत नाही! हे शेजाऱ्यांना छाती फुगवून सांगायचे, "बघा, रोज चाललं की कंबर तसूभर हलत नाही!" पँट उलटी केली. माझे वेडेवाकडे टाके उसवून मशीनची सरळ शिवण घातली होती, माझ्यापेक्षा बोटभर आत. न्हाणीघरातून हाक आली, "झालं का गं तुझं? येऊ बाहेर? आज चढावर जायचंय."