एकोणीस नंबरचा बिल्ला

"सातवा बोगदा सोमवारी बुजवायचा," इंजिनीअर बाईंनी नकाशावर पेन्सिल आपटली. "काँक्रीट सांगून झालंय. आता तो विषय पुरे."

म्हातारा मुकादम जागचा हलला नाही. "त्यात चांदी आहे, मॅडम."

"किती?"

"थोडीच. पण आहे. खोटं बोललो तर जीभ झडो."

बाईंनी कपाळाला हात लावला. एकेचाळीस वर्षं बंद पडलेली ही चांदीची खाण पुन्हा सुरू करायला त्या डोंगरावर आल्या, त्याला चार महिने झाले होते. चांदी हाताला लागली नव्हती, चिखल मात्र कोपरापर्यंत लागला होता. पंप एक दिवस चालायचा, दोन दिवस रुसायचा. सगळं पाणी झिरपायचं ते सातव्या बोगद्यातून. छत कोसळलं म्हणून तो जुन्या लोकांनी भिंत घालून बंद केला होता. महिनाअखेर पाणी थांबलं नाही, तर वरचे साहेब खाणीला कायमचं कुलूप ठोकणार होते. आणि आतल्या वाटा ठाऊक असलेला एकुलता एक जिवंत माणूस काय म्हणत होता? तर भिंत फोडा!

त्याची आणखी एक कटकट होती, बिल्ल्यांची. खाणीच्या तोंडाशी त्याने जुनाच लाकडी फळा घासूनपुसून लावला होता. आत जाताना आपल्या नंबरच्या खिळ्यावरचा पितळी बिल्ला काढून खिशात टाकायचा, बाहेर आलं की परत टांगायचा. खिळा रिकामा, म्हणजे माणूस आत. सगळे बिल्ले त्याने वाटले होते. एकोणीस नंबर तेवढा कुणाला दिला नव्हता.

त्या दुपारी बाहेर पडता पडता बाईंना आठवलं, वही आतच राहिली. त्यांनी आपला बिल्ला मुकादमाच्या हातात कोंबला. "काका, पुढे व्हा, माझाही टांगा. मी आलेच मागून."

तळहातावर निखारा पडावा तसा म्हाताऱ्याने हात झटकला. बिल्ला पाण्यात पडला.

"ज्याचा त्याने टांगायचा."

"अहो, दहा पावलांवर फळा आहे!"

"ज्याचा त्याने."

आणि बाई वही घेऊन परत येईपर्यंत तो तिथेच, गुडघाभर पाण्यात, त्यांची वाट बघत उभा राहिला.

बाई तणतणत बाहेर आल्या, मागोमाग मुकादमही. तोंडाशी मुकादमाची वहिनी चहाची किटली घेऊन बसली होती. सत्तरीची, पण पाठीचा कणा ताठ. दिरासाठी ती रोज चहा आणायची आणि रोज खाणीकडे पाठ करून बसायची.

"आजी, तुमच्या दिरांना काही समजवा हो. डोकं फिरवलंय माझं."

"भाऊजी लहानपणापासून असेच. थोरल्याच्या मागे शेपटासारखे फिरायचे. दोघं एकाच पाळीला."

"थोरले म्हणजे तुमचे…"

"माझा नवरा. पळाला." तिने कप भरला. "छत कोसळलं त्याच दिवशी, त्या गडबडीत. साहेबांनी फळा बघितला, सगळे बिल्ले जागेवर. एकोणीस नंबरसुद्धा. आत कुणी नाही म्हणून तर तिसऱ्या दिवशी भिंत घातली. बिल्ला टांगायची आठवण राहिली त्याला, मला सांगायची नाही. माझ्या माहेरचं चांदीचं कडं होतं त्याच्या हातात, तेही घेऊन गेला. लोक म्हणाले, हिच्या जिभेला कंटाळला. मी म्हटलं, असेल बाबा."

मुकादमाने भरलेला कप तसाच खाली ठेवला.

"मॅडम, फक्त रविवार द्या. नाही सापडली चांदी तर पुन्हा तोंड दाखवणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

"घ्या रविवार! पीडा तरी टळेल माझी."

रविवारी भिंतीला भोक पडलं आणि कोंडलेलं पाणी धो धो करत बाहेर आलं. तासाभराने ओसरलं. बाईंना चार महिन्यांत पहिल्यांदा हसू फुटलं. पाण्याचं दुखणं इथेच होतं तर!

मुकादम हसला नाही. मागचा ढिगारा तो पहारीने नाही, हातांनी उपसत होता. एकेक दगड उचलून बाजूला ठेवत होता.

दुपारी त्याचे हात थांबले. बाईंनी दिवा जवळ नेला. आधी बूट दिसला. मग हाताची हाडं, आणि त्यांच्यावर काळं पडलेलं एक कडं. मुकादमाने ते सदऱ्याला घासलं. चांदीचं होतं.

बाई मुकादमाकडे वळल्या. "पण काका… बिल्ला तर फळ्यावर होता! मग माणूस आत कसा?"

तो कडं घेऊन बाहेर आला. फळ्यासमोर थांबून त्याने एकोणीस नंबर खिळ्यावरून काढला. वहिनी नेहमीसारखी पाठ करून बसली होती. तिच्यासमोर त्याने गुडघे टेकले आणि दोन्ही वस्तू तिच्या ओटीत ठेवल्या.

"वहिनी," तो म्हणाला, "दादा म्हणाला होता, 'पुढे हो, माझाही टांग. मी आलोच मागून.'"