नवा रकाना

मधुमेह कोणत्या समाजाच्या डोळ्यांना जास्त छळतो, याचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर विनताला हवी तशी जोडी सापडली. तुळशीराम मराठी, घोषबाबू बंगाली. दोघंही खमरियाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, शुगर एकाच वर्षी लागलेली. तरी तुळशीरामचे डोळे निरोगी, आणि घोषबाबूंची नजर जायच्या बेतात.

"फरक रक्तातच असणार," ती खुर्चीवरून उठतच म्हणाली.

"मॅडम, गोळी घेतली का म्हणून माझी बायको मला रोज विचारते," तुळशीराम म्हणाला. "याची बायको गेली, तेव्हापासून याला कोणी विचारूनच नाही राहिलं."

विनताने भराभर फॉर्मवर नवा रकाना आखला. 'घरी विचारणारं कोण?'

"घोषबाबूंच्या फॉर्मवर," तुळशीराम म्हणाला, "माझं नाव लिहा."